सल्ला हवा आहे: नेवाडातलं लुनर क्रेटर, आईबाबांसोबत दोन रात्री तंबूत

वाटसरू_बे
नमस्कार मंडळी. आईबाबा पुण्याहून आले आहेत, दिवाळी इथेच करणार. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आयुष्यभर सह्याद्रीत भटकले, कातळ दिसला की हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांना लोणार तीनदा पाहून झालंय. नकाशावर नेवाडात 'लुनर क्रेटर' दिसलं तेव्हापासून दुसरा विषय नाही. आम्ही बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतो. लास व्हेगासपर्यंत विमानाने जाऊन तिथून भाड्याची एसयूव्ही घ्यायचा विचार आहे. वसुबारसेच्या सुमारास निघून लक्ष्मीपूजनाला घरी परतायचं.

माझे प्रश्न: तिथे तंबू लावू देतात का? आईला (पासष्ट, गुडघे दुखतात) झेपेल का? आणि रस्ता साध्या गाडीचा आहे की फोर बाय फोर लागतेच?

सायली_एलव्ही
आम्ही व्हेगासचेच, दोनदा जाऊन आलोय. जागा सुंदर आहे, पण वाटसरू, आईबाबांना घेऊन तंबूत राहायचा हट्ट कशाला? टोनोपाहला हॉटेलं आहेत. चांदीच्या खाणीवर उभं राहिलेलं जुनं गाव आहे, तेही बघून होईल. सकाळी निघा, विवर बघा, संध्याकाळी गरम पाण्याची आंघोळ. त्या टापूत पाणी नाही, फोनला रेंज नाही, संडासाची सोय नाही असंच धरून चाला. माझ्या सासूबाईंना मी नेलं नसतं.

कातळवेडा
सायलीताईंचं म्हणणं काळजीपोटी आहे, समजतं. तरी मी म्हणेन की एक रात्र तरी तिथेच काढा. मी चार वेळा राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमीन सरकारी आहे, बीएलएमच्या, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या ताब्यातली. अशा जमिनीवर साधारणपणे एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. आरक्षण वगैरे नाही. आधीच्या लोकांनी जिथे तंबू लावून जमीन बसवलीय तिथेच लावा, नवीन जागा तुडवू नका. निघायच्या आदल्या दिवशी बीएलएमच्या टोनोपाह कार्यालयाला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: कच्च्या रस्त्याची स्थिती कशी आहे, आणि शेकोटीला बंदी आहे का. बंदी नसली तरी लाकडं गोळा करत बसू नका. त्या वाळवंटात एक झुडूप वाढायला किती वर्षं लागतात, बघवत नाही तोडलेलं. गॅसची शेगडी न्या.

रस्ता: व्हेगासहून हायवे ९३ ने वर, क्रिस्टल स्प्रिंग्जला डावीकडे हायवे ३७५, वॉर्म स्प्रिंग्जला तो हायवे ६ ला मिळतो. तिथून उजवीकडे, म्हणजे इली गावाच्या दिशेने, साधारण २५ मैलांवर फाटा. पेट्रोल अलामो किंवा ॲश स्प्रिंग्जला काठोकाठ भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट टोनोपाहला. टोनोपाह ते इली हे अंतर सुमारे १६८ मैलांचं, मधे पंप गृहीत धरू नका. वॉर्म स्प्रिंग्ज नाव वाचून गाव असेल असं वाटतं. तिथे बंद पडलेल्या इमारती आहेत, आणि गरम पाण्याचं कुंड खाजगी, कुंपणातलं. आत शिरू नका.

फाट्यापासून विवराच्या काठापर्यंत कच्चा रस्ता. कोरडा असेल तर उंच गाडीला फोर बाय फोर लागत नाही, सावकाश चालवा. पण दगड धारदार आहेत. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, आणि जॅक खरंच गाडीत आहे का, हे व्हेगासलाच उघडून बघा. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा, बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी लुनर लेक नावाचं पांढरं सपाट मैदान आहे, सुकलेल्या तळ्याचा तळ. फोटोला मोह होतो. पाऊस पडून गेला असेल तर त्यावर चाक घालू नका. मी घातलं होतं. वरची पापडी सुकलेली, भेगा पडलेल्या, अगदी उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांच्या चिकासारखी. चाळीस पावलं गाडी गेली आणि खाली बसली. खालची माती इतकी चिकट की चाकाच्या कमानीत भरून चाक फिरेना. बोटांनी खरवडून काढत होतो तरी निघत नव्हती. रात्र गाडीत काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी एका गुराख्याच्या ट्रकने ओढून काढलं. तोपर्यंत दोन माणसांत दीड लिटर पाणी उरलं होतं. म्हणून माणशी दिवसाला चार लिटर, दोन रात्रींसाठी हिशेब तीन दिवसांचा, आणि वर एक जास्तीचा दिवस.

घाटपायथा
कातळवेडा, सुरेख लिहिलंत. बाबांसाठी मी थोडं दगडांबद्दल भर घालतो, ते आनंदतील.

लोणार आणि लुनर या दोन नावांत लोक गल्लत करतात आणि दोन्हीकडे उलटा समज करून घेतात. लोणार बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या कातळात आहे, म्हणून ते ज्वालामुखीचं तोंड असावं असं खूप काळ मानत. पण तिथे आघाताने झालेली मास्केलिनाइट नावाची काच सापडली आणि अशनीपात पक्का झाला. नेवाडातल्या विवराला नाव चंद्राचं, पण अशनीचा काही संबंध नाही. तिथे वर येणारा तप्त रस भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि जमीन फुटून उडाली. अशा विवराला 'मार' म्हणतात. रुंदी सुमारे ३,८०० फूट, खोली ४३० फूट. म्हणजे लोणारपेक्षा अरुंद, पण खोलीला जवळपास तेवढंच. तळाशी लोणारसारखं तळं मात्र नाही. १९७३ साली त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी अपोलो १७ चे अंतराळवीर भूशास्त्राच्या सरावाला तिथे येऊन गेले.

बाबांना ब्लॅक रॉकचा लाव्हा नक्की दाखवा, हायवेला लागूनच आहे. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, झिजलेला, गवताने झाकलेला. हा जेमतेम ३८ हजार वर्षांचा. अजून काळाकुळकुळीत, टोकदार, चालताना भाजलेल्या खापरांवर पाय पडावा तसा खणखणतो. दगड हातात घेऊन उन्हाकडे तिरका धरायला सांगा. आत हिरवे, काचेसारखे खडे चमकतात, हरभऱ्याच्या डाळीएवढे. ते ऑलिव्हिन नावाचं खनिज. पाहून झालं की दगड होता तिथे ठेवा. आणि हातमोजे घाला, त्या कडांनी तळवा कापतो.

काठावरून खाली उतरण्याचा विचार करू नका. उतार भुसभुशीत आहे, उतरणं सोपं वाटतं आणि चढताना प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे सरकतं. आईंना त्रास नाही, गाडी काठाजवळ जाते.

सायली_एलव्ही
हे वाचून माझं मत थोडं बदललं. तरी थंडीचं सांगते. उंची जवळपास सहा हजार फूट आहे. ऑक्टोबरअखेर दिवसा उबदार, स्वेटर काढून ठेवावा लागतो, आणि रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. आईंना खाली जाड गादी द्या. जमिनीतून जी थंडी येते ती पांघरुणाने थांबत नाही. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या. भाताला वेळ लागतो त्या उंचीवर, छोटा कुकर न्या. आम्ही थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट नेतो.

कातळवेडा
कुकरचं अगदी खरं. वाऱ्याचंही लक्षात ठेवा. तंबू काठावर लावू नका, एखाद्या राखेच्या टेकाडाच्या आडोशाला लावा. त्या भुग्यात खुंट्या धरत नाहीत, दोरीला मोठे धोंडे बांधावे लागतात. रात्री हायवेवर गाडी चालवणं टाळा, मोकळी गुरं रस्त्यावर उभी असतात. कधी लढाऊ विमानं डोक्यावरून जातात, तो आवाज दचकवतो, आईंना आधीच सांगून ठेवा.

आणि वसुबारसेच्या सुमारास जाताय, याहून चांगला मुहूर्त नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे त्याआधीच्या रात्री चंद्र पहाटेच उगवणार. त्या अंधारात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. दहाच्या पुढे पूर्वेला मृग वर येतो. माझ्या वडिलांना हे दाखवायचं राहून गेलं, म्हणून एवढं आग्रहाने लिहितोय.

वाटसरू_बे
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: पहिली रात्र टोनोपाहला हॉटेलात, दुसरी तिथे तंबूत. अंदाज पावसाचा असेल तर तंबू रद्द. उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र भाड्याने घेतलंय. आईने भाजणी भिजवायला किती पाणी लागेल तेही चार लिटरच्या हिशेबात धरलंय का, असं विचारलंय.

कातळवेडा
धरलेलं नाही. आईंचं बरोबर आहे, पाच धरा.

वाटसरू_बे
परत आलो, सगळे सुखरूप. वारा सुटला तेव्हा धोंडे बांधलेले कामी आले. रात्री दोनला जाग आली तर बाबा तंबूत नव्हते. बाहेर घडीच्या खुर्चीत घोंगडी पांघरून बसलेले, शेजारच्या खुर्चीत आई. कृत्तिकेतले किती तारे मोजता येतात यावर दोघांचं चाललं होतं. आईचे सात झाले, बाबांचे सहा.