मदत हवी आहे: अल्ट्रासाऊंड लावून केमोचं औषध गाठीत शिरवतात, ती ट्रीटमेंट कुठं मिळेल?

मलप्रभाकाठ (रात्री ११.४०)
आमच्या आप्पांना पोटाचा कॅन्सर निघालाय. रक्तात बारीक बुडबुडे सोडून वरून अल्ट्रासाऊंड लावला की केमोचं औषध गाठीत जास्त शिरतं असं नेटवर वाचलो. परदेशात करून बघितलंय. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, बेंगळूर, कुठं होतं हे? सोनोग्राफीचं मशीन तर गावोगावी आहे. इथल्या डॉक्टरांना विचारलो तर "ते राहू दे, आधी दुसरं करू" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आमच्याकडं वेळ नाही. माहीत असलेल्यांनीच लिहा, बाकी सल्ले नकोत.

शहापूरची (रात्री ११.५२)
पोटाचा म्हणजे नेमका कशाचा? जठर, मोठं आतडं, लिव्हर, स्वादुपिंड, प्रत्येकाचं औषध वेगळं. बायोप्सी झाली का? वय किती? केमो चालू आहे का? एवढं तरी सांगा.

निपाणीकर७१ (रात्री १२.०५)
याला हायफू म्हणतात. माझ्या वहिनीच्या गर्भाशयात गाठी होत्या, पोट न फाडता हायफूनं गेल्या, दुसऱ्या दिवशी घरी. तुम्ही सरळ हायफूचीच चौकशी करा. केमोच्या नादाला लागू नका, केमोनं माणूस खचतो.

शहापूरची (रात्री १२.११)
दादा, वहिनींच्या गाठी कॅन्सरच्या नव्हत्या. दोन्ही एकत्र करू नका. आणि केमो नको असं परक्याच्या वडिलांबद्दल इतकं सहज कसं लिहिता?

निपाणीकर७१ (रात्री १२.२०)
मी डोळ्यानं बघितलेलं सांगतोय. तुम्ही काय बघितलाय ते सांगा.

मलप्रभाकाठ (रात्री १२.३४)
स्वादुपिंडाचा. वय ६४. बायोप्सी झाली. स्टेज कुणी सांगितली नाही, रिपोर्टवर "लोकली अ‍ॅडव्हान्स्ड" लिहिलंय. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. केमो अजून चालू नाही. मी विचारलोय ते फक्त अल्ट्रासाऊंडचं.

ध्वनिलहर (सकाळी ६.१५)
मी मूळचा चिकोडीचा, अल्ट्रासाऊंडच्या यंत्रांवर काम करतो. डॉक्टर नाही. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

स्वादुपिंडाची गाठ बहुतेक वेळा दगडासारखी घट्ट असते. कॅन्सरच्या पेशींभोवती तंतूंचं जाड जाळं तयार होतं, आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सलाईनमधून दिलेलं औषध अंगभर फिरतं आणि जिथं जायला हवं तिथंच कमी पोचतं. बुडबुड्यांचा उपयोग इथं होतो. ते २-३ मायक्रॉनचे, म्हणजे तांबड्या पेशीहूनही लहान. वर चरबीसारख्या द्रव्याचं पातळ कवच, आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू. सोनोग्राफीत चित्र उठून दिसावं म्हणून ते आधीपासून वापरात आहेत. ध्वनिलहर त्यांच्यावर पडली की ते फुगतात, आक्रसतात, परत फुगतात. त्या धडधडीनं वाहिनीच्या भिंतीतल्या आणि पेशीच्या कडेच्या फटी थोडा वेळ मोकळ्या होतात आणि तेवढ्यात औषध आत सरकतं. याला सोनोपोरेशन म्हणतात.

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये ऑपरेशन न होणाऱ्या १० स्वादुपिंडाच्या रुग्णांना जेमसिटाबीन या केमोच्या औषधाबरोबर हे दिलं. २०१६ साली निकाल छापून आला. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, असा आकडा) १७.६ महिने, आणि आधी नुसतं जेमसिटाबीन घेतलेल्यांचं ८.९ महिने. हा आकडा वाचून तुमची झोप उडाली असणार, माझीही उडाली होती. पण रुग्ण फक्त १०. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते, तुलना जुन्या रुग्णांशी होती. सोनोग्राफीचं मशीन गावोगावी आहे म्हणालात, पण नुसतं मशीन असून भागत नाही. बर्गेनमध्ये मशीन नेहमीचंच वापरलं होतं, तुमचं तेवढं बरोबर आहे. पण लहर किती जोराची, बुडबुडे कधी, किती वेळ, हे सगळं अजून संशोधनाच्या खोलीतलं काम आहे.

हायफू वेगळं. त्यात लहरी एका बिंदूवर गोळा करून उष्णतेनं गाठ जाळतात. स्वादुपिंडात ते मुख्यतः दुखणं कमी करायला वापरून बघितलंय. तिसरा प्रकार ऑक्सफर्डचा, २०१८ मध्ये छापलेला. लिव्हरमध्ये गाठी असलेले १० रुग्ण. औषध चरबीच्या सूक्ष्म कणात भरलेलं, ३९.५ अंशांच्या वर कण फुटतो. लहरींनी फक्त गाठ कोमट केली, औषध तिथंच सुटलं. गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं. तोही पहिलाच टप्पा.

कणबर्गी_सिस्टर (सकाळी ६.५८)
मी कॅन्सर वॉर्डात २२ वर्षं काढली. बाकी नंतर. आप्पांचे डोळे पिवळे आहेत का? लघवी चहासारखी? अंगाला खाज? रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, किती आलं? ताप? "आधी दुसरं करू" मधलं दुसरं म्हणजे काय, ते विचारलंत का?

येळ्ळूर_गाव (सकाळी ७.२०)
पैशाचं बघितलाय का? रेशनकार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लावायचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात असेल तर कोल्हापूरला विचारा.

सह्याद्री_बेळगाव (सकाळी ७.३१)
८६५ गावं म्हणे! २००४ पासून सुप्रीम कोर्टात खटला पडून आहे आणि आम्हाला नुसत्या योजना दाखवायच्या. परवा एका दवाखान्यात माझ्या आईच्या हातात संमतीचा कागद दिला, सगळा कानडीत. कुठं सही करतेय ते तिला कळलं नाही. आधी ते बघा.

येळ्ळूर_गाव (सकाळी ७.४०)
ते खरं आहे, मलाही राग येतो. पण इथं माणूस आजारी आहे. संमतीचा कागद मराठीत समजावून मागायचा, न लाजता. सीमेचा धागा वेगळा काढा, मी येतो तिथं.

मलप्रभाकाठ (सकाळी ८.०२)
सिस्टर, डोळे पिवळे आहेत, दोन आठवडे झाले. बिलिरुबिन १४. तोंडातून नळी घालून पित्ताच्या वाटेत स्टेंट बसवायचा म्हणत होते, ईआरसीपी का काय ते. मी थांबवलो. हे अल्ट्रासाऊंडचं कळल्यावर सगळं एकदमच करू म्हटलं. काल रात्री थंडी वाजून ताप आला, पॅरासिटामॉल दिलो, उतरला. हे सांगायचं राहिलं.

कणबर्गी_सिस्टर (सकाळी ८.०४)
बाळा, फोन खाली ठेव आणि आप्पांना आत्ता दवाखान्यात ने. कावीळ आणि वर थंडी वाजून ताप, म्हणजे अडलेल्या पित्तात जंतू झालेले असू शकतात. ते रक्तात गेले तर कॅन्सरच्या आधी तेच माणसाला नेतं. ओपीडीच्या रांगेत उभा राहू नकोस, कॅज्युअल्टीत जा. "स्टेंट सांगितलेला पेशंट, रात्री थंडीताप" हेच शब्द सांग. सीटी, रक्ताचे रिपोर्ट, बायोप्सी सगळं बरोबर ने. शुगरची, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांग. नाश्ता देऊ नकोस, पोट रिकामं लागतं.

शहापूरची (सकाळी ८.०९)
कुठल्या गावात आहात? गाडी हवी असेल तर लिहा, माझा भाऊ खानापुरात आहे.

पानफूल (सकाळी ९.४५)
लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सुरू करा, सकाळी अनशापोटी. आमच्या शेजारच्या काकांना फार गुण आला.

कणबर्गी_सिस्टर (सकाळी ९.५०)
ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण लिव्हर आधीच अडलंय, त्यात काढे नकोत. केमो चालू झाल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

ध्वनिलहर (दुपारी १.१५)
सिस्टरांचं वाचून मला माझीच लाज वाटली. सकाळी एवढं लांबलचक लिहिलं आणि ताप आहे का एवढं विचारलं नाही. मलप्रभाकाठ परत येतील तेव्हासाठी लिहून ठेवतो. आपल्याकडच्या औषधांच्या ट्रायलची नोंद सीटीआरआयच्या सरकारी साइटवर असते, २००९ पासून ती सक्तीची आहे. कुणी "बुडबुड्यांची ट्रीटमेंट करतो, इतके लाख भरा" म्हणालं तर आधी नोंदणी क्रमांक मागा. तो देत नसतील तर पैसे देऊ नका. आणि औषधाचे कणच हवे असतील तर एक प्रकार नेहमीच्या केमोत आहे. अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, कण साधारण १३० नॅनोमीटरचा, जेमसिटाबीनबरोबर देतात. त्याला वेगळं मशीन लागत नाही. दुसरं मत हवं तर टाटाचं "नव्या" म्हणून आहे, रिपोर्ट ऑनलाइन पाठवता येतात.

निपाणीकर७१ (दुपारी २.३०)
हायफूचं मी घाईत लिहिलो. वहिनीचं आणि हे वेगळं आहे, कळलं. आप्पांची खबर सांगा.

मलप्रभाकाठ (तिसऱ्या दिवशी, रात्री ९.१०)
स्टेंट बसला. आत पू होता म्हणाले. अँटिबायोटिक चालू आहे, ताप नाही. बिलिरुबिन १४ वरून ९ वर आलंय. ते उतरल्याशिवाय केमो देता येत नाही, म्हणून डॉक्टर आधी दुसरं म्हणत होते. मला वाटलं टाळतायत. तेव्हा दोन वाक्यं जास्त बोलले असते तर मी थांबवलो नसतो, पण मीही परत जाऊन विचारलो नाही. ध्वनिलहर, तुमचं सगळं आज डॉक्टरांना वाचून दाखवलो. ट्रायल निघाली तर सांगतो म्हणाले, तोवर नेहमीची केमो. शहापूरच्या ताई, तुमच्या भावाला आप्पांनी नमस्कार सांगितलाय.

आता एकच. आप्पा जेवतात पण अंगी लागत नाही, संडासला तेलकट होतं, वजन उतरलंय. एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. त्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर? चिठ्ठीवर नुसतं तीन वेळा लिहिलंय.

कणबर्गी_सिस्टर (रात्री ९.१६)
आधीही नाही, नंतरही नाही. जेवताना, पहिल्या घासाबरोबर. जास्त कॅप्सूल असतील तर एक सुरुवातीला, एक मध्ये. चावायची नाही, गरम चहाबरोबर द्यायची नाही. दुपारी चहाबरोबर बिस्किटं किंवा दुधाचं काही खाणार असतील तर तेव्हाही लागते का, ते उद्या राऊंडला विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नकोस.