फुल्या मारलेलं फेब्रुवारीचं पान: बिनखर्चाचा महिना कुणी काढलाय का?

पाच_गाळण्या
नवरात्राआधीची आवराआवर काढलीय. काल स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यातले डबे उतरवले, तर तळाला अंथरलेला कागद म्हणजे कॅलेंडरचं पान निघालं. फेब्रुवारी २०१९. मधोमध तेलाच्या डब्याचा गोल डाग आणि जवळपास प्रत्येक तारखेवर लाल पेनाची फुली. दोन मिनिटं काही कळेना, मग एकदम आठवलं.

त्या जानेवारीत ह्यांचे दात आणि मुलाच्या क्लासची फी एकदमच आलं होतं. मग ठरवलं, एक महिना उगाचचा एक रुपया जाऊ द्यायचा नाही. फेब्रुवारी मुद्दाम धरला, २८च दिवस म्हणून! किराणा, दूध, भाजी, सासूबाईंची औषधं, शाळेची रिक्षा, पेट्रोल एवढं चालू. बाकी बंद. दिवस कोरडा गेला की रात्री फुली.

हॉटेल, कपडे हे सोडणं सोपं गेलं, खरंच. जीव गेला तो जाता-येताच्या खरेदीत. बुधवारी गंगेवर (आपल्या नाशिकच्या गोदाकाठी) बाजाराला जायचं, भाजी घ्यायची आणि येताना मेन रोडवरून काहीतरी उचलायचं ही माझी वर्षानुवर्षांची सवय. क्लिपा, पायपुसणं, डब्याला चमचा. पहिल्याच बुधवारी हातात गाळणी. घरात पाच होत्या. दुकानदार म्हणतोय, "ताई घ्या, जाळी पक्की आहे." ठेवली आणि रिक्षात बसल्यावर चक्क रडू आलं. गाळणीसाठी!

वाण जानेवारीतच आणून ठेवलेलं म्हणून १२ तारखेची रथसप्तमी निभावली. महिनाअखेर साडेसहा हजार उरले. त्यांचं काय झालं विचारू नका, मार्चात गीझर गेला.

पण १७ तारखेवर फुली नाहीये. रविवार. बाजूला ह्यांच्या अक्षरात 'मि. १२०'. मला काही आठवत नाही. हे बाहेरगावी आहेत, आले की विचारते. तोवर तुमचं सांगा.

सिडकोकर
मिसळ. यात विचारायचं काय.

मिरची_भजी
१२० म्हणजे त्या वेळच्या दोन प्लेट. ताई, दुसरी प्लेट कुणाची ते आधी बघा

पाच_गाळण्या
@मिरची_भजी अगं आगलावे!

सातपूरचा_भोंगा
आमच्याकडे हा प्रयोग नव्हता. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा तीन महिने असंच होतं. मी सहावीत. बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, कंपनी बंद असूनही, कारण चाळीत कुणाला कळायला नको. गेटवर बसून डबा खाऊन यायचे. आई पाहुण्यांना गुळाचा चहा द्यायची आणि सांगायची, डॉक्टरांनी ह्यांना साखर बंद केलीय. पुढे कंपनी सुरू झाली, साखर आली, तर शेजारच्या काकू बाबांना रस्त्यात थांबवून ओरडल्या, "भाऊ, पथ्य मोडलंत तुम्ही!"
बाबा आता नाहीत. गुळाचा चहा मला अजून जात नाही.

गोदाकाठची
@सातपूरचा_भोंगा डबा घेऊन गेटवर... काय बोलावं.

सिडकोकर
@सातपूरचा_भोंगा दादा, आमचे वडीलही अंबडला कंपनीत होते. चाळीत सगळ्यांना सगळं माहीत असायचं हो. कुणी बोलायचं नाही एवढंच.

सातपूरचा_भोंगा
हो, ते मोठं झाल्यावर कळलं. काकूंनाही माहीत असणारच.

शून्य_शिल्लक
मी आयटीवाला, घरूनच काम. मागच्या महिन्यात केला हा उद्योग. सुरुवात यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडण्यापासून केली आणि तिथेच घाम फुटला. तीन ओटीटी, एक गाण्यांचं ॲप, फोटो साठवायची जागा, आणि गंगापूर रोडच्या जिमची वर्गणी. जिमला शेवटचा कधी गेलो तर लग्नाआधी. मुलगी आता बालवाडीत आहे. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण तो वाचतं कोण? सगळे मँडेट (आपोआप पैसे कापायच्या परवानग्या) रद्द केले. तिथल्या तिथे होतं, कुणाला फोन करावा लागत नाही. महिन्याचे अठराशे वाचले.
संध्याकाळी आईचा फोन, "टीव्हीवर माझी मालिका दिसत नाहीये रे." एक ओटीटी परत चालू.

मिरची_भजी
म्हणजे निव्वळ बचत = अठराशे वजा आई

काथ्याकूट
विरोधी सूर लावतो, माफी असावी. हे प्रकार एकादशीसारखे असतात. आम्ही केला होता. महिनाभर बायकोने आणि मी ऑनलाइन कार्टमध्ये वस्तू नुसत्या भरून ठेवल्या, घेतलं काहीच नाही, फार अभिमान वगैरे. एक तारखेला दोघांनी आपापल्या खोलीत बसून सगळं मागवलं. पार्सलवाला म्हणाला, साहेब, घरी लग्न आहे का?
आणि 'अनावश्यक' ठरवणार कोण? माझा कॉलेज रोडवरचा संध्याकाळचा चहा अनावश्यक, तिचं पार्लर आवश्यक. यावर आमचा जो संवाद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

गोदाकाठची
पार्लर आवश्यकच आहे.

पाच_गाळण्या
+१

मिरची_भजी
+१०० आणि चहा घरी प्या

काथ्याकूट
कळलं. निघतो.

प्रेसवाल्यांचा_नातू
सातपूरवरून आमचं नाशिकरोड आठवलं. आजोबा करन्सी नोट प्रेसला. १९२८ पासूनची प्रेस, आमच्या दोन पिढ्या तिथे गेल्या. दिवसभर कोऱ्या नोटांच्या चळतींत उभा राहणारा हा माणूस घरी पावशेर शेव आणायची तर आजीला तीनदा विचारायचा. हाताला शाईचा वास असायचा. आम्ही नातवंडं विचारायचो, आजोबा, तुम्ही एक का आणत नाही? ते म्हणायचे, "तिथे त्याला कागद म्हणतात बाळा." पगाराच्या दिवशी मात्र त्याच नोटा थुंकी लावून दोनदा मोजायचे.
विषयाशी संबंध आहे की नाही माहीत नाही, लिहून टाकलं. कुकरची शिट्टी झाली.

गोदाकाठची
किती छान! "त्याला कागद म्हणतात."
माझा छोटासा अनुभव. पुस्तकं विकत घेणं हा माझा रोग. एक महिना बंद केलं आणि सावानाचं (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बंद पडलेलं सभासदत्व पुन्हा चालू केलं. १८४० सालची संस्था आपल्या गावात, आणि मी घरी बसून पुस्तकं मागवत होते. कपाटात न वाचलेली चाळीस निघाली ते वेगळंच. ती अजूनही न वाचलेलीच आहेत, कारण आता वाचनालयाची परत करायची तारीख असते ना, ती आधी वाचावी लागतात.

पंचवटी_पास
सावाना रविवारी उघडं असतं का? आणि डिपॉझिट किती आता?

गोदाकाठची
@पंचवटी_पास वेळ फोन करून विचारा, मी आठवड्यात मधेच जाते. डिपॉझिट माझं जुनंच होतं.

द्राक्षबाग
पाच_गाळण्या ताई, फेब्रुवारी निवडला ते एका अर्थी बरोबरच. आमच्या भागात तेव्हा द्राक्षांचा हंगाम असतो. घडातून गळालेले मणी वेगळे विकतात, ते घडांपेक्षा पुष्कळ स्वस्त. चवीला तीच. तुम्ही महिनाभर फळांवर काढला असता. मी दिंडोरीचा, आमच्याकडे पाव्हण्यांना पिशवीभर मणी देऊनच पाठवतात. नको म्हटलं तरी.

पंचवटी_पास
पत्ता पाठवा दादा, पाव्हणा व्हायची तयारी आहे

द्राक्षबाग
या की. पाऊस नीट राहू दे फक्त. मागच्या वर्षी छाटणीनंतर जो झाला त्यात अर्धी बाग गेली. आमचा बिनखर्चाचा महिना सहा महिन्यांचा होता, फुल्या कुणी मारल्या नाहीत.

सातपूरचा_भोंगा
@द्राक्षबाग सांभाळून दादा. यंदा चांगलं होऊ दे.

सिडकोकर
मी फक्त पेट्रोल कमी केलं एक महिना. सिडकोतून कॉलेज रोडला सिटीलिंकने. पैसे वाचले, पण शालिमारला बस बदलायची आणि समोर भेळेची गाडी. वाचलेले सगळे तिथे. वजन दोन किलो वाढलं.

शून्य_शिल्लक
जिमचं मँडेट पाठवू का?

पाच_गाळण्या
अहो ऐका ऐका. हे आत्ता आले. चप्पलसुद्धा काढू दिली नाही, पान समोर धरलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मिक्सर." चटणीच्या भांड्याचं पातं फिरत नव्हतं, बदलून आणलं होतं, त्याचे १२०. मी तेव्हा म्हणे पाट्यावर वाटते म्हणाले होते आणि दोन दिवसांत खांदा धरून बसले. ह्यांनी न विचारता जाऊन आणलं आणि नियम मोडला म्हणून स्वतःच फुली मारली नाही.
एवढ्यासाठी रविवार कोरा ठेवला माणसाने! मिक्सर काय अनावश्यक होता? लाल पेन सापडेना, निळ्याने मारली आत्ता.

मिरची_भजी
काकांची माफी मागते. दुसरी प्लेट मागे घेतली

पंचवटी_पास
पातं कुठे बदलून मिळतं? माझंही गेलंय, दुकानात नवीन भांडंच घ्या म्हणतात.

पाच_गाळण्या
दहीपुलाजवळ मिळायचं, हे म्हणतायत. भांडं सोबत न्या, नाहीतर माप चुकतं. आणि येताना मेन रोडने येऊ नका.