हजिऱ्यातली तानसेनची कबर: मुलांना दाखवायची आहे

लश्करकर:
पुण्याहून गाणं शिकणारी चार-पाच मुलं ग्वाल्हेरला येताहेत. इथल्या हजिरा भागातली तानसेनची कबर निवांत दाखवायची आहे. वेळ कोणती बरी, आणि पाहायचं नेमकं काय?

षड्ज:
रिक्षावाल्याला नुसतं ‘तानसेन’ सांगू नका. तो तानसेन नगरला नेईल, नाहीतर तानसेन रेसिडेन्सी हॉटेलवर. ‘हजिरा, मोहम्मद गौस का मकबरा’ म्हणा. आत भला मोठा घुमट दिसतो तो तानसेनचा नव्हे, सूफी संत गौस यांचा. बरेच जण त्याचाच फोटो काढून परततात! तानसेन बाजूला, चौथऱ्यावर, खांबांच्या उघड्या मंडपात. ना घुमट, ना भिंती. आकार पाहून मुलं हिरमुसतील, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

जाळीदार:
सकाळी लवकर जा. गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या आतून पाहायच्या असतात. ऊन तिरपं असलं की नक्षी फरशीवर उतरते, दुपारी सूर्य डोक्यावर आला की काही उरत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात दगड असा तापतो की पाय टेकवत नाही. मोजे असू द्या. डोक्याला रुमाल हवा. मोबाइलने फोटो चालतात, ट्रायपॉडला मात्र पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

बेहटवाला:
कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, पण पानं ओरबाडू देऊ नका. मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं नंतरचं आहे. पाला चघळून गळा गोड होत नाही, दात तेवढे आंबतात.
डिसेंबरात येत असाल तर इथे भरणाऱ्या तानसेन समारोहाच्या, म्हणजे संगीत महोत्सवाच्या, पहिल्या दिवशी सकाळी या. १९२४ साली उर्स म्हणून सुरू झालेला हा सोहळा अजून सनई, कीर्तनकार ढोलीबुवांची हरिकथा, मिलाद (पैगंबरांची स्तुती) आणि कबरीवर चादर अशाच क्रमाने उघडतो. आपल्या मराठी कीर्तनाला लागून मिलाद, हे दुसरीकडे कुठे ऐकाल? तारखा दरवर्षी बदलतात, तेवढ्या आधी पाहा.

लश्करकर:
मुलांना तिथे मियाँ की तोडी गायची आहे. चालेल?

षड्ज:
सकाळचा राग, वेळ जुळतेय. पण दर्गा चालता आहे, खादिमांना, म्हणजे तिथल्या सेवेकऱ्यांना, आधी विचारा. मंडप चारी बाजूंनी उघडा, आवाज पसरून जातो. गुंजेची अपेक्षा नको. तानपुरा मोबाइलवरच लावा आणि मुलांना त्याच्या जवळ बसवा, नाहीतर हजिऱ्याच्या हॉर्नांत षड्ज, म्हणजे मूळचा सा, सुटेल. गौसच्या घुमटाखाली आवाज घुमतो, पण तिथे लोक दुआ मागत असतात. तिथे गाऊ नका.