पवना बॅकवॉटरला उताराची जागा: सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे घ्यावा? सल्ला हवा

चिंचवडकरीण

नमस्कार मंडळी. पवना धरणाच्या बॅकवॉटरला आमची २० गुंठे जागा आहे. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, खालच्या अंगाला धरणाचं पाणी. रस्त्याच्या कडेने साधारण ५० मीटर आणि रस्त्यापासून पाण्याच्या दिशेने ४० मीटर. वरचा अर्धा भाग बेताच्या उताराचा आहे, तिथे घर घ्यायचं. त्याखाली जमीन एकदम कोसळते, झाडं धरधरून उतरावं लागतं. धरण भरलं की पाणी आमच्या खालच्या हद्दीपासून दहा-पंधरा मीटरवर येतं. मे महिन्यात पार लांब जातं.

एनए झालंय, नकाशा मंजुरीला द्यायचाय. एरवी आम्ही दोघंच राहणार, सुट्टीला मुलं-नातवंडं धरून दहा जण. ठेकेदार म्हणतो, "ताई, टाकी खालच्या अंगाला बांधू, पुढे शोषखड्डा मारू. उतार आहे, पाणी आपोआप जाईल." जाईल हो, पण जाणार कुठे? पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीने रावेतला येतं, तिथे उचलतात आणि शुद्ध करून आमच्या नळाला देतात. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हापासून मी हेच पाणी पितेय. त्यात आमच्या संडासाचं पाणी सोडायचं नाही, एवढं एक माझं पक्कं आहे. बाकी तुम्ही सांगाल तसं करू.

एक जण बायो टाकीही (जिवाणूंनी मैला कुजवणारी) सुचवतोय. म्हणे शोषखड्डा नको, उपसा नको, काहीच नको. कुणी वापरली आहे का?

पानशेतवाला

ताई, ठेकेदाराचं ऐकू नका. मी ऐकलं होतं, म्हणून कळकळीने लिहितोय.

आमची जागा पानशेतच्या अंगाला, अशीच तिरपी. घराच्या खाली टाकी, टाकीच्या खाली शोषखड्डा. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात गेलो तर सगळा डोंगर पिवळा पडलेला आणि आमच्या शोषखड्ड्याच्या खाली उतारावर एकच पट्टा हिरवागार. बायको म्हणाली, बघा किती छान गवत आलंय. जवळ गेलो तर दगडी तालीच्या (उतारावरच्या बांधाच्या) सांध्यांतून काळपट पाणी पाझरत होतं, दगडांवर बुळबुळीत थर, आणि वास. खाली हातभर मुरूम आणि मग कातळ होता. पाणी जमिनीत जिरलंच नव्हतं, कातळावरून घसरत येऊन तालीतून बाहेर पडत होतं. सगळं उकरून परत करावं लागलं.

दुसरी चूक टाकीची. तयार फायबरची टाकी बसवली होती. भर जुलैत उपसून घेतली आणि आठवड्यात ती जमिनीतून वर आली. रिकामी टाकी, भोवती पाण्याने फुगलेली माती, होडीसारखी उचलली गेली. पाइप तुटला तो वेगळाच. फायबरची घेतलीत तर खाली काँक्रीटचा थर घालून पट्ट्यांनी जखडा, आणि पावसाळ्यात पूर्ण रिकामी कधीच करू नका.

सांडपाणीवाला

या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकीत घाण खाली बसते, थोडी कुजते, एवढंच. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असतं, पण रोगजंतू त्यात भरपूर असतात. खरं शुद्धीकरण होतं टाकीच्या पुढे, कोरड्या मातीच्या थरातून पाणी हळूहळू झिरपताना. ठेकेदार मंडळी टाकीवर खर्च करतात आणि माती बघतच नाहीत. पानशेतवाल्यांकडे तेच झालं. मावळ-मुळशीत कातळाला भेगा असतात. त्या भेगांत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, नुसतं वाहून जातं, आणि तुमच्याकडे ते धरणातच जाणार.

म्हणून आधी जेसीबी बोलावून दोन-तीन ठिकाणी अडीच-तीन मीटर खोल चाचणीचे खड्डे घ्या आणि मुरूम किती, कातळ कुठे लागतो ते बघा. मग जिरण्याची चाचणी. टाकीचं पाणी जमिनीत जिरवायचा चर जेवढा खोल होणार तेवढ्या खोलीचा, वीतभर रुंद खड्डा करा. तळाशी ५ सेंमी खडी टाका, पाणी भरा आणि रात्रभर माती भिजू द्या. सकाळी खडीच्या वर १५ सेंमी पाणी ठेवून ते २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर जमीन चांगली. ३० ते ६० असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडून लांब चरच घ्यावेत. ६० च्या वर गेलं तर तिथे जिरवायचंच नाही. हे मी मनाचं सांगत नाही, आयएस २४७० या भारतीय मानकात आहे. तुमच्या उतारावर तर मी चाचणी कशीही आली तरी चरच घेईन. खोल खड्डा सगळं पाणी एका जागी ओततो, चर ते पसरवतो.

चाचणी आत्ता श्रावणातच करा. मे महिन्यातली तापलेली जमीन काहीही पिते.

हिशेब असा. समजा २५ मिनिटं आली. मानकातलं सूत्र २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ, म्हणजे २०४ भागिले ५, दर चौरस मीटरला रोज सुमारे ४१ लिटर. दहा माणसांचं १००० लिटर धरलं तर २५ चौरस मीटर तळ लागतो. चर ६० सेंमी रुंद असेल तर एकूण ४२ मीटर लांबी, म्हणजे २१ मीटरचे दोन चर. मधे दोन मीटर सोडा. हे चर उताराला आडवे, समपातळीत हवेत. पाणलोटाच्या कामात समतल चर आखतात ना, अगदी तसेच. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन दर दोन मीटरवर खुंटी मारा. एक टोक चार बोटं जरी खाली गेलं तरी सगळं पाणी तिकडेच धावतं आणि तिथूनच फुटतं.

चिंचवडकरीण

किती नीट समजावलंत! पण हे चर मी घेऊ कुठे? घराच्या खाली घेतले तर लगेच कोसळती जमीन सुरू होते. घराच्या वर, रस्त्याकडे घेतले तर ते पाणी घराच्या जोत्यात नाही का येणार?

सांडपाणीवाला

दोन्ही शंका बरोबर आहेत. जमीन कोसळते त्या काठाजवळ चर नकोतच, पाणी तिथे उतारातून बाहेर डोकावतं. आणि घराच्या थेट वर घेतले तर जोत्याला ओल येईल.

तुमची ५० मीटर रुंदी इथे कामाला येते. घर एका बाजूला, चर दुसऱ्या बाजूला, दोन्ही वरच्या भागात रस्त्याजवळ. घर १२ मीटर, मधे ६ मीटर मोकळे, मग २१ मीटरचे चर. ३९ मीटरमध्ये बसतं. घरापासून ६ मीटर आणि विहीर-बोअरपासून १८ मीटर हे मानकातलं किमान अंतर आहे. शेजाऱ्याची बोअर कुठे आहे तेही बघा. धरणापासून तर जितकं लांब तितकं बरं.

टाकीतून पाणी चरांपर्यंत आपोआप चढणार नाही, मधे छोटी पंपाची टाकी लागेल. लोक पंपाला घाबरतात, पण मला उतारावर पंप आवडतो. दिवसातून तीन-चार वेळा ठरावीक पाणी चरात जातं आणि मधल्या वेळात मातीला श्वास मिळतो. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीने पंप चालू-बंद करणारी तरंगती कळ) लावा, पाणी चढलं तर वाजणारी घंटा लावा. आणि पंपाची टाकी मोठी घ्या, एका दिवसाचं पाणी मावेल एवढी. मावळात पावसात लाइट जाते हे तुम्हाला सांगायला नको.

चरांच्या वरच्या अंगाला एक उघडा चर काढून रस्त्याचं पावसाचं पाणी बाजूला वळवा. तो चरांच्या खाली काढू नका, नाहीतर अर्धवट गाळलेलं पाणी तोच गोळा करून धरणात नेईल. ही चूक मी चांगल्या चांगल्यांच्या नकाशात पाहिली आहे.

मावळातला

टाकी वर रस्त्याजवळ घ्यायचं आणखी एक कारण. उपशाची गाडी रस्त्यावरच उभी राहणार, तुमच्या उतारावर ती येणार नाही. व्हॅक्यूमने पाणी १० मीटरच्या वर चढत नाही, हे शाळेत शिकलोय. प्रत्यक्षात तर ६-७ मीटरलाच गाडी धापा टाकते. आमच्या गावात एका बंगल्याची टाकी खाली दरीत आहे. गाडीवाले बघून परत जातात, मग मालक माणसं शोधतो आत उतरवायला. कृपा करून ही वेळ आणू नका. टाकीतल्या वायूने माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. टाकी अशी बांधा की कुणाला उतरायची गरजच पडू नये. दोन्ही कप्प्यांवर झाकणं, हात पोचेल अशी.

आणि नकाशा देण्याआधी टोटल स्टेशनने (जमीन मोजायच्या यंत्राने) मोजणी करून घ्या. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) आधी पाटबंधारे खात्याकडून पूर्ण जलसाठ्याची पातळी आणि सोडायचं अंतर लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका.

हिरवी वाट

बायो टाकीबद्दल. डीआरडीओने विकसित केलेलं हे तंत्र चांगलं आहे, रेल्वेच्या डब्यांखाली तेच आहे. पण "शोषखड्डा नको" हे विकणाऱ्याचं बोलणं झालं. जेवढं पाणी आत जातं तेवढं बाहेर येतंच, आणि ते पिण्याच्या धरणाच्या काठावर उघडं सोडण्यासारखं नसतं. चर चुकत नाहीत.

स्वयंपाकघराचं आणि अंघोळीचं पाणी वेगळं काढता येईल का बघा. तेल अडवायला छोटं चेंबर, पुढे तळाला प्लॅस्टिक अंथरलेला खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. आमच्याकडे कर्दळ वर्षभर फुलते. त्याने चरांवरचा भार बराच हलका होतो. पवनेवर दर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी सांडपाण्यातल्या खतावरच पोसते. तेच खत कर्दळीने प्यायलेलं बरं.

चिंचवडकरीण

मंडळी, गेल्या शनिवारी-रविवारी चाचणी करून आले.

जेसीबीने तीन खड्डे घेतले. रस्त्याजवळ पश्चिमेकडे तीन मीटरपर्यंत तांबूस मुरूम, कातळ लागला नाही, पाणीही नाही. मधल्या खड्ड्यात दीड मीटरवर कातळ. आणि ठेकेदाराने शोषखड्ड्यासाठी दाखवलेल्या खालच्या जागी फावडं दोन फुटांवरच खणखणलं.

तिन्हीकडे छोटे खड्डे करून पाणी भरून ठेवलं आणि रात्री शेजारच्या गावात मुक्काम केला. सकाळी सहाला नातवाची पट्टी आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसले. पश्चिमेच्या खड्ड्यात २५ मिमी उतरायला पहिल्यांदा २१ मिनिटं लागली, परत भरलं तर २४, तिसऱ्यांदा २५. खालच्या खड्ड्यात रात्रीचं पाणी तसंच होतं, वर एक पान तरंगत होतं, ते जागचं हललंही नव्हतं. ठेकेदाराला बोलावून ते पान दाखवलं. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, वरच करू."

घर पूर्वेला सरकवलं, चर पश्चिमेला, टाकी रस्त्याच्या बाजूला. शेजाऱ्यांची बोअर चरांपासून ३४ मीटरवर भरली. आता एकच विचारायचंय. दहा माणसांसाठी टाकीचं माप काय धरू?

सांडपाणीवाला

छान काम केलंत. २५ मिनिटं हाच आकडा धरा, शेवटचा.

दोन वर्षांनी उपसा धरून मानकातलं माप २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, १.४ मीटर पाण्याची खोली, वर ३० सेंमी मोकळी. आतून दोन कप्पे करा. घरातून येणारा पाइप टाकीआधी शेवटचे काही मीटर संथ उताराने, १:५० च्या आसपास आणा. पाणी जोरात आदळलं तर बसलेला गाळ उठून पुढे चरात जातो. टाकी झाल्यावर प्लॅस्टरच्या भरवशावर राहू नका. काठोकाठ पाणी भरून दिवसभर ठेवा, पातळी खडूने आखा, उतरली तर गळती शोधा. आणि तिसऱ्या चराची जागा नकाशात आत्ताच राखून ठेवा. त्यावर गाडी लावायची नाही, आंबाही लावायचा नाही, नुसतं गवत.