सुट्टे आहेत का? दोन-चार रुपयांचे तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात आई घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेली होती. बिल झालं ४७७ रुपये. तिनं पाचशेची नोट दिली. दुकानदारानं वीस रुपये परत केले आणि उरलेल्या तीन रुपयांच्या बदल्यात तीन चॉकलेटं काउंटरवर ठेवली. आई ७४ वर्षांची, तिला मधुमेह. "मला चालत नाहीत हो ही," म्हणाली, तर उत्तर आलं, "मग ऑनलाइन करायचं ना, मावशी." तिच्याकडे बटणांचा फोन आहे. तीन रुपये सोडून ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत गप्पच होती. पैशाचं तिला काही नव्हतं. तिनं तीन रुपये मागितले म्हणून रांगेतली माणसं तिच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागली, ती नजर तिला लागली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. दुकानात, रिक्षात, एसटीत सुट्ट्यांवरून तुम्हाला काय अनुभव आले ते लिहा. बरे आले असतील तर तेही. गल्ल्यामागे बसणाऱ्यांनी तर लिहाच, कारण त्यांची बाजू आम्हाला फारशी ऐकायला मिळत नाही. दुकानांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

डोंबिवलीहून:

मी गल्ल्यामागच्या घरातली. बाबांचं किराणा दुकान ३१ वर्षांचं आहे. सकाळी साडेसहाला फळी उघडली की दुधाच्या एका पिशवीसाठी पहिलंच गिऱ्हाईक पाचशेची नोट काढतं. भवानी व्हायची असते, गल्ल्यात सुट्टे येणार कुठून? बँकेत नाणी मागायला गेलं की बहुतेक वेळा "आज नाहीत" हेच ऐकायला मिळायचं. मग बाबा बाजारातून बट्टा देऊन चिल्लर आणायचे, शंभरामागे दोन-तीन रुपये जायचे. पाच रुपयांच्या वस्तूवर सुटतं किती आणि त्यातून बट्टा किती द्यायचा, हा हिशोब गिऱ्हाइकाला दिसत नाही.

तरी बाबांनी चॉकलेटची बरणी कधी ठेवली नाही. उधारीची वही सगळ्याच दुकानदारांकडे असते, बाबांकडे एक उलटी वहीसुद्धा आहे. दुकान गिऱ्हाइकाला किती देणं लागतं ते त्यात लिहायचं. "दुसरा मजला, आजी, २ रु." "इस्त्रीवाले, १ रु." पुढच्या वेळी माणूस आला की त्यानं मागायच्या आधी बाबा वजा करतात. लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजेत ठेवायच्या आधी जुनीतली देणी फेडायची, हा त्यांचा नेम. मागच्या दिवाळीत ६४ रुपये निघाले. मी आणि भाऊ दारोदार जाऊन देऊन आलो. दोन बिऱ्हाडं मात्र घर सोडून गेली होती.

आता बहुतेक गिऱ्हाईक स्कॅन करतं, त्यामुळे वही जवळजवळ कोरी राहते. पण त्याची दुसरी बाजू आम्हाला रोज दिसते. सगळे स्कॅन करतात म्हणून गल्ल्यात नाणी येतच नाहीत. मग जो रोखीनं देतो, म्हणजे म्हातारी माणसं, बिगारी, घरकाम करणाऱ्या बायका, त्यालाच सुट्टे मिळत नाहीत.

नागपूरहून:

माझा अनुभव दहाच्या नाण्याचा. चहाच्या टपरीवर, भाजीवाल्याकडे, रिक्षात, सगळीकडे एकच ऐकलंय, "हे चालत नाही, नोट द्या." कोणी वरच्या रेघा मोजतं, दहा असल्या तर खरं आणि पंधरा असल्या तर खोटं. कोणी रुपयाचं चिन्ह शोधतं. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तेव्हाचे चौदाही प्रकार चलनात वैध आहेत. मी ते पत्रक फोनमध्ये ठेवलंय. दाखवलं की टपरीवाला म्हणतो, "भाऊ, मी घेईन, पण माझ्याकडून कोण घेईल?" आणि त्याचं खरंच आहे. त्याला दूध देणाराही ते घेत नाही. एक अफवा किती वर्षं टिकावी!

मुंबईहून:

थोडक्यात लिहिते. रिक्षाचं किमान भाडं २३ होतं तेव्हा २५ द्यावे लागायचे, १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ झालं तेव्हा ३०. दर वेळी पैसे वरच्या बाजूलाच का सरकतात?

सातारा जिल्ह्यातून:

मी एसटीत वाहक आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. चांगला निर्णय आहे, आमच्या गाड्या भरून जायला लागल्या. पण अर्धं केलं की आकडे असे येतात की हात सारखा बॅगेतल्या चिल्लरकडे जातो. निघताना जवळ चिल्लर थोडीच असते. मग आम्ही तिकिटामागे बाकी लिहून देतो, "उतरताना घ्या." खरं सांगतो, लोकांचे पैसे ठेवायची इच्छा नसते. स्टँड आला की गर्दीत माणूस उतरून जातो आणि मलाही आठवत नाही. एकदा एक आजी कराडला उतरल्या, त्यांचे ८५ रुपये माझ्याकडे राहिले. रात्री हिशोब देताना लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याच फेरीला मी त्यांना फलाटावर शोधत होतो. तिसऱ्या दिवशी भेटल्या. त्यांनी तिकीट जपून पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं.

माझी एक विनंती आहे. शंभर-दोनशेच्या आतलं तिकीट असेल तर पाचशेची नोट शेवटी काढा, आधी नको.

टोरांटोहून:

इथे एक सेंटचं नाणं ४ फेब्रुवारी २०१३ पासून वाटणं बंद झालं. तेव्हापासून रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटांवर नेतात. १.०२ झालं तर १.००, १.०३ झालं तर १.०५. कार्डानं दिलं तर जितकं आहे तितकंच. कधी दोन सेंट माझे जातात, कधी दुकानाचे. मुंबईच्या ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर मला यात दिसतं. नियम दोन्ही बाजूंना सारखा लावला की त्याचा राग येत नाही.

पुण्याहून:

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या ताईंकडे मेथी आणि टोमॅटो घेतले, ६८ रुपये. नेटवर्क गेलं, पैसे जाईनात, खिशात रोख नाही. मी पिशवी परत ठेवायला लागलो. त्या म्हणाल्या, "घेऊन जा दादा, भाजी काय तुमची वाट बघत थांबणाराय? उद्या द्या." मी दोन दिवस गावाला गेलो. तिसऱ्या दिवशी पैसे दिले तेव्हा त्यांना रक्कमही आठवत नव्हती, मीच सांगितली.

पुन्हा मीच:

आईला हे सगळं वाचून दाखवलं. डोंबिवलीची उलटी वही तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "विचार तिला, ती दोन बिऱ्हाडं सोडून गेली ना, त्यांचे पैसे बाबांनी नव्या वहीत उतरवलेत का?"