खाऊच्या पाकिटातले टॅझो : अपुरा राहिलेला संच

प्रश्न

लहानपणी वेफर्सच्या पाकिटांतून निघालेल्या टॅझोंचा, म्हणजे लहान गोल चकत्यांचा, डबा नुकताच पुन्हा हाती लागला. एका मालिकेतील ५० चकत्यांपैकी ४३ माझ्याकडे आहेत आणि काहींच्या तर चार-चार प्रती आहेत. एवढी पाकिटे फोडूनही उरलेल्या सात का मिळाल्या नसाव्यात? त्या मुद्दाम कमी छापल्या जात असत का? काही चकत्या पुठ्ठ्याच्या आहेत, तर काही प्लास्टिकच्या असून त्यांच्या कडांना खाचा आहेत. त्या कशा जपाव्यात, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

असा संशय येणे स्वाभाविक आहे, परंतु सर्व चकत्या सारख्याच संख्येने छापल्या तरी नेमके हेच घडते. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक पाकिटात नवी चकती निघते. संच भरत जातो तसतशी आधीच जवळ असलेली चकती निघण्याची शक्यता वाढत जाते. हिशेब केला, तर पहिल्या ४३ चकत्यांसाठी सरासरी सुमारे ९५ पाकिटे लागतात आणि उरलेल्या सातांसाठी आणखी सुमारे १३०. त्यांतील अगदी शेवटच्या एकीसाठीच सरासरी ५० पाकिटे फोडावी लागतात! तेव्हा एकट्याने संच पुरा करणे फार अवघड होते, आणि म्हणूनच जास्तीच्या प्रतींची अदलाबदल हा या छंदाचा प्राण होता. आजही तोच मार्ग आहे : आपल्या जास्तीच्या चकत्यांचे क्रमांक येथे लिहावेत.

प्रतिसाद २

या चकत्या आपटून जिंकण्याचा एक खेळही असे. त्याचे मूळ हवाईमधील दुधाच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांत आहे. १९९१ मध्ये ओआहू बेटावरील एका शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला आणि तेथून तो ‘पॉग’ या नावाने पसरला. हे नाव एका फळांच्या रसाचे होते. खाऊच्या पाकिटांतील टॅझो १९९४ मध्ये मेक्सिकोत आले. प्रत्येकाने सारख्याच संख्येने चकत्या पालथ्या घालून चळत रचायची, तिच्यावर एक चकती जोराने आपटायची आणि ज्या उताण्या पडतील त्या जिंकायच्या, असा तो डाव. खाचा मात्र आपटण्यासाठी नसून चकत्या एकमेकींत अडकवून आकृत्या उभारण्यासाठी असतात.

प्रतिसाद ३

पुठ्ठ्याच्या चकत्यांना पाणी मुळीच लावू नये. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे. प्लास्टिकच्या चकत्यांवरील तेलकटपणा सौम्य साबणाच्या पाण्याने निघतो. नाणेसंग्राहकांची कप्प्यांची पाने वापरता येतील, मात्र ती पीव्हीसी या प्लास्टिकची नसावीत, कारण त्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने बाहेर येऊन छपाईला चिकटतात. चळतीला रबर लावू नये, आणि ऊन व दमट हवा टाळावी.

एक आग्रहाची विनंती : कडा झिजल्या म्हणून एखादी चकती टाकून देऊ नका. ती झीज खेळण्यातून आलेली आहे, आणि माझ्या संग्रहात मी अशा चकत्यांना कोऱ्या चकत्यांच्या आधीचे पान दिले आहे.