साईड बदलायला किती पैसं गेलं, आपल्या भाषेत सांगा (अनुभव धागा)

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की आमच्या पेठेत एकच विषय, पोराला साईड झेपंना, बदलू का नको. नव्या कोर्सची फी सगळ्यांना पाठ असत्या पण जुनं सोडताना काय काय जातं ते कोण बोलत न्हाई. ज्यांनी बदलल्या त्यांनी लिवा की. पुस्तकी मराठीची गरज न्हाई, बोलतायसा तसंच लिवा.

---

भावा, मी मेकॅनिकल सोडून बीकॉमला आलो. वर्षाची फी गेली, वर्ष पण गेलं, पण विषय हार्ड झाला तो कागदांवर. कॉलेज म्हणालं राहिलेल्या वर्षांची फी भर मगच टीसी न मूळ मार्कलिस्ट मिळंल, वडील उसनं काढायला निघालेले, मग गल्लीतल्या एका वकील काकांनी सांगितलं की मूळ कागद असं अडवून ठेवता येत न्हाईत, लेखी अर्ज दे आणि पोच घे. दिला आणि कागद मिळालं. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०१८ चं फी परतीचं कोष्टक हाय, प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर १५ दिवसांत सोडलं तर ८० टक्के परत, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढं शून्य. मधी काही वर्षं याहून जास्त सवलत पण दिलेली. म्हणून सांगतो, मन उडालं असंल तर दिवाळीची वाट बघू नका, तारखेतच पैसं हायत.

---

मी गारगोटीकडची, कोल्हापूर जिल्ह्यातली. बीएस्सी सोडून पुण्याला डिझाईनला गेलो. (होय पोरगीच हाय, आमच्यात पोरीबी आलो-गेलोच म्हणत्यात.) फी लोनमधनं भागली, पण रूमचं डिपॉझिट, मेस, चांगला लॅपटॉप हे सगळं घरातनं, आईनं भिशी उचलली त्यासाठी. आणि एक खर्च पैशात न्हाई मोजता येत, पहिलं सेमिस्टर मी वर्गात तोंडच उघडलं न्हाई. "काय करालाईस" म्हटलं की सगळ्या वळून बघायच्या. प्रेझेंटेशनला मॅडम म्हणाल्या "आले" म्हण. मी म्हणालो मॅडम, आमच्यात आजीपण "आलो" म्हणत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पुढं कधी टोकलं न्हाई. जाणाऱ्या पोरींनो, बोलायचं थांबू नका.

---

सिव्हिल डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर घेतलं. वर्ष वाया न्हाई गेलं. फक्त गणित आणि प्रोग्रॅमिंगच्या क्लासचं पैसं धरा.

---

पालक म्हणून लिहितो. आता नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, क्रेडिट (पास केलेल्या विषयांचं गुणांक) पण ॲकॅडमिक बँकेत, म्हंजे पोराच्या ऑनलाईन खात्यात, जमा राहत्यात, तवा मधीच सोडण्यापेक्षा जमलं तर दोन्ही सेमिस्टर काढूनच सोडा. गॅप पडला तर ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा, ॲडमिशनच्या गर्दीत धावपळ हुत्या. आणि पोरांनो, बदलायचं असंल तर आधी घरात सांगा, पैशाचं आम्ही बघतो. आमचा धाकटा आता फार्मसी सोडतो म्हणतोय, त्यातनं बदललेलं कोण असंल तर लिवा, आज रात्री घरात बसून बोलायचं हाय.